वॅराबिनला पाऊस किती झाला?

"या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतोय! यात मी तोंड धुऊ की ऑम्लेट करू?"

न्हाणीघराच्या फळकुटापलीकडची ही कुरकुर मर्लने उशांचे अभ्रे छातीशी धरून ऐकली. हॉटेल तिचं, त्यामुळे वासही तिचाच.

"बोअरचं पाणी आहे, बाई! आम्ही सगळे त्यावरच वाढलोय."

"ते दिसतंच आहे!" पलीकडून उत्तर आलं.

पुढच्या ओढ्याच्या पुलावर पाणी चढल्यामुळे संध्याकाळची आगगाडी ऑस्ट्रेलियाच्या आडभागातल्या या वॅराबिन गावातच अडकली होती. नऊ उतारू आणि ड्रायव्हर नॉर्म, अशी वरात मर्लच्या दारात उतरली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याशी बोलायला सभेत भाषण करावं तसं ओरडावं लागे. तीन वर्षांनी आला होता! गावातले शेतकरी बिअरचे ग्लास घेऊन मुद्दाम रस्त्यात उभे राहून भिजत होते. छपराखालची टाकी भरत होती खरी, पण छपरावर तीन वर्षांची धूळ आणि काकाकुव्यांनी केलेलं सगळं साठलेलं. "दोन दिवस टाकीला कुणी हात लावायचा नाही," मर्लने बजावलं.

मर्ल त्या दिवशी भलतीच तोऱ्यात होती. गावाचा पाऊस उद्या ती मोजणार होती!

हे काम खरं म्हाताऱ्या क्लॅरीचं. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्याला वीस वर्षं झाली, पण स्टेशनच्या हिरवळीवरचं पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं त्याने सोडलं नव्हतं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला आकडा वहीत. एक्केचाळीस वर्षांत एक रकाना मोकळा नाही. लग्नाच्या दिवशी नवरी चर्चमध्ये ताटकळली आणि नवरदेव भांड्यात डोकावून आला! दुष्काळाची तीन वर्षं त्याने रोज शून्य लिहिलं, पण टोपी घालून लिहिलं. आणि दहा दिवसांपूर्वी पन्हळ साफ करताना हा माणूस शिडीवरून पडला. पाय प्लॅस्टरात, वही उशाशी आणि भांड्याची जबाबदारी मर्लकडे.

"चुकू नकोस गं," तो दहादा म्हणाला होता.

"अरे, मी एका हाताने सहा बिअर ओतते आणि फेस सांडत नाही! एका भांड्यात बघून आकडा सांगायचा, त्यात काय चुकायचंय?"

सकाळी पाऊस उघडला होता. मर्ल खाली आली तर जेवणघरात चहाचा असा दरवळ, की तिचे पाय आपोआप तिकडे वळले. रात्रीची ती कुरकुरणारी बाई, विनिफ्रेड, हातात किटली घेऊन सगळ्यांना चहा वाढत होती. सिडनीच्या इस्पितळात चाळीस वर्षं नर्स असल्यामुळे 'नको' हा शब्द तिला ऐकू येत नसे. मर्लने कप संपवला, ओठ पुसले.

"तीन वर्षांत असा चहा प्यायले नाही हो! पाणी कुठलं?"

"फिरायला गेले होते. स्टेशनच्या हिरवळीवर पांढऱ्या कुंपणात एक तांब्याचं भांडं आहे. वर नरसाळं, आत पाणी. कसं नितळ! म्हटलं, किती समजूतदार गाव, पाहुण्यांची सोय करून ठेवली! अख्खं किटलीत ओतलं."

मर्लने रिकाम्या कपात डोकावून पाहिलं.

"बाई, तुम्ही वॅराबिनचा पाऊस उकळलात!"

मर्लने सगळी हकिगत सांगितली. मग एका उतारूने सुचवलं, "शेजारच्या शेतावरचा आकडा घ्या की."

"इथे प्रत्येकाचा पाऊस शेजाऱ्यापेक्षा दोन मिलीमीटर जास्तच असतो!"

सव्वाआठ वाजले होते. विनिफ्रेडने बाह्या सरसावल्या. "रोग्याच्या पोटात काय काय गेलं, ते आम्ही रोज लिहायचो. चला, कबुलीजबाब द्या!"

मर्लने क्लॅरीचं मापाचं नळकांडं आणून त्यात एक कप पाणी ओतून पाहिलं. भरला कप म्हणजे सहा मिलीमीटर. मग उलटतपासणी सुरू झाली.

"मी अर्धाच घेतला."

"मग मिशा का एवढ्या ओल्या?"

"माझं दूध वजा करा हो!"

"चहापत्तीने प्यायलं त्याचं काय?" पत्ती फडक्यात घालून पिळली. नांगर विकणाऱ्या एका सद्गृहस्थांनी पँटवर सांडलेला चहा मोठ्या मनाने जाहीर केला. तीही पिळली!

"मला तर मिळालाच नाही," सीलिया नावाच्या शिक्षिका रुसून म्हणाल्या. "मी येईपर्यंत माझा कप रिकामा."

"मी अकरा कप ओतलेत," विनिफ्रेड ठणकावून म्हणाली.

"दहाच असतील," ड्रायव्हर नॉर्म खिडकीबाहेर बघत घाईने म्हणाला. "मोजताना होतं असं."

बेरीज झाली एकसष्ट. नऊला दहा कमी असताना मर्ल रूळ ओलांडून क्लॅरीच्या घरी निघाली. मागे वळून पाहते तो नॉर्मसकट सगळे उतारू! आपण प्यायलेल्या पावसाचं पुढे काय होतं, ते प्रत्येकाला बघायचं होतं.

क्लॅरी टोपी घालून, पेन उघडून बसला होता.

"एकसष्ट," मर्ल म्हणाली.

पेन कागदाच्या वर थांबलं.

"रात्रभर पत्र्यावर ऐकलाय मी. सदुसष्टच्या खाली नाही."

"वय झालं रे. कान..."

"पाय मोडलाय, कान नाही! आणि एक आकडा सांगायला एवढी माणसं कशाला? मी मेलो की काय?"

कुणी छताकडे पाहिलं, कुणी बुटांकडे. विनिफ्रेड भिंतीवरचं जुनं वेळापत्रक पाठ करायला लागली.

"सहा मिलीमीटर गेले कुठे, मर्ल?"

मर्ल घड्याळाकडे बघू लागली. नऊला एक मिनिट उरलं होतं.

"संशयाचा आकडा मी लिहीत नाही," क्लॅरी हळूच म्हणाला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. "एक्केचाळीस वर्षं झाली. आज मोकळा राहू दे." आणि तो पेनाला टोपण लावू लागला.

"टोपण नको लावूस, क्लॅरी!" मागून नॉर्म ओरडला. कान लालभडक झाले होते बिचाऱ्याचे. "तुझा पाऊस आम्ही चहा करून प्यायलो. सगळ्यांनी! आणि या मास्तरीणबाईंचा कपही मीच ढोसला. काठोकाठ होता. बिनदुधाचा!"