आधी हात दाखवा

आगाशेसर माणसांचे चेहरे लक्षात ठेवत नसत, हात ठेवत. लखनौच्या म्युझियममधल्या त्यांच्या अभिलेखांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा इंदिरा नगरपासून शेअर टेंपोत बसून मनातल्या मनात घोकलेली तीन वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. नाव, एम.ए.चं पहिलं वर्ष, इतिहास. सरांनी एकही वाक्य बाहेर येऊ दिलं नाही.

"आधी हात दाखवा."

मी तळवे पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून माझ्या बोटांचा वास घेतला आणि म्हणाले, "दशहरी. दोन. त्यातला एक जरा जास्त पिकलेला होता. साबण तिकडे आहे."

मी खरंच दोन आंबे खाऊन आले होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. उन्हाळी इंटर्नशिपला आम्ही तिघं होतो. बाकीच्या दोघांनी गार आणि चकचकीत चित्रदालनं मागून घेतली. मी तळमजल्यावरची कागदांची खोली मागितली, कारण तिथे कुणाशी बोलावं लागणार नाही असा माझा अंदाज होता. अंदाज निम्मा बरोबर निघाला. मला बोलावं लागत नव्हतं. सर अखंड बोलत.

मूळचे ते सांगलीचे. तीस वर्षं लखनौत काढल्यावर त्यांचं मराठी एका वेगळ्याच पोशाखात वावरत असे. "कुलकर्णीबाई, जरा ती फाइल इनायत करा," असं ते मला म्हणत. मी एकवीस वर्षांची होते आणि मला 'बाई' म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. माझे बाबा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. आमच्या घरी मराठी जेवणाच्या टेबलापुरतं, बाकी सगळं इंग्रजी नाहीतर हिंदी. त्यामुळे सरांचं मराठी चुकतं आहे की माझं, हे मला कळायचं नाही.

त्या जूनमध्ये अख्खं लखनौ आंबे चोखत होतं. सर मात्र डब्यातला दशहरी काट्या-चमच्याने खात. फाशीची शिक्षा अमलात आणावी इतक्या गंभीरपणे ते आंब्यात काटा खुपसत. बोटांना रस लागला की कागदाला लागणार, कागदाला लागला की मुंग्या येणार, मुंग्या आल्या की अवधचा इतिहास संपणार, असं त्यांचं सरळ गणित होतं.

दुसरं वेड शिक्क्याचं. "आवकचा शिक्का नाही, म्हणजे कागद जन्मलाच नाही," हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकत असे. लाकडी मुठीचा तो जुना शिक्का तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्वाधीन केला, तेव्हा शिपाई मिश्राजी दारातून बघतच राहिले. त्यांना बावीस वर्षांत त्याला हात लावू दिला नव्हता.

तिसरं म्हणजे, मेलेल्या माणसांबद्दल सर वर्तमानकाळात बोलत. स्वातंत्र्याच्या आधी या म्युझियममध्ये जुन्या चित्रांच्या नकला करणारे बृजलालजी नावाचे चित्रकार होते. सर त्यांच्याबद्दल शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यासारखे बोलत. "आज बृजलालजी रागावलेत. कलकत्त्याहून पुन्हा चुकीचा निळा रंग आलाय." दुसऱ्या दिवशी, "छत गळतंय म्हणून त्यांनी साहेबांना चौथं पत्र टाकलंय. माणूस चिवट आहे हो." पुढेपुढे मीच सकाळी विचारायला लागले, आज बृजलालजी कसे आहेत म्हणून.

दर शनिवारी दुपारी सरांच्या टेबलावरचा काळा फोन वाजे. सांगलीहून त्यांची मुलगी मंजूताई. तिला नुकतीच मुलगी झाली होती आणि बारसं महिनाअखेरीला होतं. सर रिसीव्हर दोन्ही हातांनी धरत आणि प्रत्येक वेळी तेच सांगत, "हो गं. हे चौदावं खोकं आवरलं की निघालोच."

मिश्राजींनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बिटिया, गृहप्रवेश ग्यारहवें डिब्बे में निकल गया, गोद-भराई तेरहवें में. अब नामकरण देखो."

चौदावं खोकं म्हणजे बृजलालजींचं खासगी. त्यांच्या टेबलाच्या खणातून निघालं तसंच ते बांधून ठेवलेलं होतं आणि सरांनी अजून उघडलेलं नव्हतं. मिठाई शेवटी खावी तसं त्यांनी ते राखून ठेवलं होतं. मला वाटलं, आपणच ते लावून टाकलं तर सर वेळेवर सांगलीला जातील. एका मंगळवारी ते मीटिंगला गेले असताना मी खोकं उघडलं. हात धुऊन, पुसून, नियमाप्रमाणे. कानपूरहून आलेली सतरा पत्रं होती, ती तारखेप्रमाणे लावली. काही अर्ज होते, त्यांवर तारखाच नव्हत्या. त्यांचा वेगळा गठ्ठा करून वर सुबक अक्षरात चिठ्ठी लावली, 'तारीख नसलेले'.

सर परत आले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुलकर्णीबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माणसानं कागद ज्या क्रमानं ठेवले, तो क्रमसुद्धा त्याचं अक्षर असतं. ते आपण पुसलंत."

त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. सर्टिफिकेटची काळजी नव्हती. बारशाला बारा दिवस उरले होते आणि त्यांना अडकवून ठेवणारी आता मी होते.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. कागद एकेक करून उजेडात धरताना दिसलं की कीड गठ्ठ्याच्या आरपार गेली होती. एका कागदावरचं भोक पुढच्या कागदावर किंचित उजवीकडे सरकलेलं, त्याच्या पुढच्यावर आणखी थोडं. मी भोकावर भोक ठेवत गेले. सर आले, माझ्या मागे उभे राहिले, आणि मग कोट काढून समोर बसले. किडीच्या नावाने तीस वर्षं बोटं मोडणारा तो माणूस दोन दिवस तिचा माग काढत होता. "शाब्बास पोरी, अशी वळ," ते पुटपुटत. हे मला नव्हतं, किडीला होतं.

गुरुवारी संध्याकाळी गठ्ठा पुरा झाला. प्रत्येक पत्राखाली एक अर्ज. पत्रं बृजलालजींच्या मुलीची होती. 'बाबूजी, छोटे का मुंडन है, आ जाइए.' त्याखाली बृजलालजींच्या सुंदर अक्षरात दोन दिवसांच्या रजेचा अर्ज. पुन्हा पत्र, पुन्हा अर्ज. सतरा वेळा. एकाही अर्जावर तारीख नव्हती. आवकचा शिक्काही नव्हता.

सरांनी शेवटचा अर्ज खाली ठेवला. वर पंखा घरघरत होता.

"कानपूर दोन तासांवर आहे हो," ते म्हणाले. आणि मग, "बृजलालजी गेले नाहीत." त्यांच्याविषयी भूतकाळात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी किल्लीने स्वतःचा खण उघडला. आत निळी आंतरदेशीय पत्रं होती, सांगलीची. प्रत्येकाखाली एक अर्ज. मी नजर दुसरीकडे वळवली, पण ते सांगतच होते, टेबलाकडे बघत. "मंजूची आई सांगलीला आजारी होती तेव्हा लिहिलेला हा पहिला. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत राहिलो. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मंजूच्या दाराची बेल वाजवायची हिंमत होत नाही."

मी उठून शिक्का आणि शाईचं पॅड आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी सगळ्यात वरचा, बारशासाठीचा अर्ज काढला, पेन उघडलं, तारीख घातली. कागद माझ्याकडे सरकवता सरकवता थांबले.

"आधी हात दाखवा."

मी तळवे पुढे केले. त्या दिवशी त्यांनी वास घेतला नाही. नुसतं पाहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. मी शिक्का मारला. इतक्या जोरात की मिश्राजी धावत आले.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी रात्री ते चारबाग स्टेशनवरून निघाले. हापूसच्या मुलखात दशहरीची पेटी घेऊन निघाले होते, आणि मिश्राजींच्या सांगण्याप्रमाणे हमालाला पेटी उचलू देण्याआधी त्याचे हात बघत होते.

शनिवारी दुपारी काळा फोन वाजला. मी अनोळखी फोन उचलत नसे. सात वेळा वाजू दिला, मग उचलला.

"बाबा?" मंजूताई म्हणाली. "आज कितवं खोकं?"

मी सांगितलं की सर नाहीत. गुरुवारी रात्रीच निघाले, रजेवर शिक्का मारून. एव्हाना पुण्याच्या पुढे असतील.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे आता आल्या आल्या माझ्या लेकीचे हात बघणार ते."

"बघतील," मी म्हणाले. "वासही घेतील."