केरोबा अस्वलाची पांढरीशुभ्र स्क्रीन

बाळांनो, मांडी घालून बसा आणि मध्येमध्ये बोलू नका. एका जंगलात केरोबा नावाचं अस्वल राहत होतं. त्याच्याकडे ई-रीडर होता. जंगलात ई-रीडर कुठून आला, असं विचारू नका. अस्वल बोललेलं चालतं तुम्हाला, मग हेही चालवून घ्या.

केरोबा रोज दुपारी बायकोला, म्हणजे सगुणाबाईला, एक रहस्यकथा वाचून दाखवी. कथेत दिवाणजींचा खून झाला होता. केरोबाचा संशय माळ्यावर, सगुणाबाईचा वैद्यावर. दोघांची पैज लागली. हरेल त्यानं वर्षभर पोळ्यातला मध काढून आणायचा. मधमाश्या नेमक्या नाकाला चावतात, त्यामुळे पैज साधीसुधी नव्हती.

शेवटची दोन पानं उरली. तेवढ्यात शेजारचा सरडा, रंगराव, आपला ई-रीडर घेऊन डोकावला.

"केरोबा, तुमचं पान पिवळट दिसतंय हो. माझं बघा."

दोन्ही शेजारी-शेजारी धरून पाहिले. इतके दिवस केरोबाला ते पान पानासारखंच दिसत होतं. आता नुसता पिवळेपणाच दिसायला लागला! सांगणारा रंगराव स्वतः त्या वेळी हळदीसारखा पिवळा झाला होता, पण तिकडे कोण बघतो?

"अहो, दोनच पानं राहिलीत," सगुणाबाई म्हणाली.

"असल्या पानावर खुनी कळून काय उपयोग?" असं म्हणून केरोबा तळ्याकाठच्या दुकानात गेला.

दुकानदार होता बगळा. त्या जंगलात पांढरेपणा तपासायची एक रीत होती. स्क्रीन बगळ्याच्या पोटाला लावून बघायची. बगळ्यापुढे कुठली स्क्रीन टिकणार? पण रीत ती रीत.

बगळ्यानं ई-रीडर बदलून दिला. दुसरा ई-रीडर निळसर निघाला. तिसऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात सावली. चौथ्यावर मागच्या पानाची अक्षरं भुतासारखी रेंगाळत. पाचव्यात काहीच खोट सापडेना, म्हणून केरोबाला त्याचा जास्तच संशय आला. त्यानं तोही परत केला.

असा महिना गेला. सगुणाबाई रोज खुन्याची चौकशी करी. केरोबा म्हणे, "आधी स्क्रीन, मग खुनी."

अकराव्या खेपेला बगळा वैतागला. त्यानं आधी पोटाला चिखल फासला आणि मग स्क्रीन लावली. काय लखलखली म्हणता! केरोबाला अगदी भरून आलं.

घरी येऊन त्यानं ती कोऱ्या पानावरच ठेवली. अक्षरं आली की पांढरेपणा झाकला जातो, हे त्याला एव्हाना कळलं होतं.

इतक्यात कावळा आला. केरोबानं परत केलेला पिवळट ई-रीडर त्यानंच नेला होता.

"वहिनी, ती गोष्ट वाचून झाली माझी. खून माळ्यानं केला."

सगुणाबाई पैज हरली होती. नाकाला हात लावून ती नवऱ्याकडे बघू लागली.

केरोबा उठला आणि कावळ्याजवळ गेला.

"माळ्याचं नाव काळंभोर दिसत होतं की करडं?"

"जरा करडंच होतं," कावळा म्हणाला.

"मग त्यात काही अर्थ नाही."

"म्हणजे माळी नव्हे ना?" सगुणाबाईनं चटकन विचारलं. "मग वैद्यच. हे घ्या मडकं, आणि मध घेऊन या."

केरोबा गेला. संध्याकाळी भोपळ्याएवढं नाक घेऊन परतला आणि समाधानानं स्क्रीन पुसत बसला.

तात्पर्य: चांगल्या स्क्रीनवर कधीही वाचू नये. गोष्टीचा शेवट जाणून घ्यायची फारच घाई असेल, तर एखादा कावळा पाळावा.