जावयाच्या लॅपटॉपचा पंचनामा

नांदेडच्या मिहिरने ॲपलचा महागडा मॅक बाजूला ठेवून विंडोजचा लॅपटॉप घेतला, ही घटना तशी खासगी होती. मिहिर लग्नाच्या फिल्म एडिट करायचा. भोकर, धर्माबादची मंडळी चित्रीकरणाची हार्ड डिस्क आणून द्यायची. मॅक ती वाचायचा, पण तिच्यावर लिहायला काही केल्या तयार व्हायचा नाही. मग या डिस्कमधून त्या डिस्कमध्ये करण्यातच अर्धा दिवस जायचा. नवा काळा लॅपटॉप मुकाट्याने वाचत होता आणि लिहीतही होता. मिहिर भलताच खूश होता.

आपलं लग्न ठरलंय, एवढं मात्र तो विसरला.

लातूरच्या मृण्मयीचे वडील अमृतराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी स्थळ पसंत केलं होतं ते बायोडाटा बघून, आणि त्यात ‘व्यवसाय : मॅकवर एडिटिंग’ असं साफ लिहिलेलं होतं. सोयरीक जमवणारे भीमाशंकरमामा एक दिवस सहज स्टुडिओत आले आणि काळा लॅपटॉप बघून चहा अर्धा टाकून उठले. तिसऱ्या दिवशी मिहिरला व्हॉट्सअॅपवर अमृतरावांची नोटीस आली : ‘स्थळ मंजूर करतेवेळी सादर केलेल्या तपशिलात परस्पर बदल केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. तोवर साखरपुडा स्थगित.’

मृण्मयी त्याला मनापासून आवडली होती. त्याने खरं ते लिहून कळवलं, की नव्या लॅपटॉपवर दुप्पट काम होतं.

तिथंच घात झाला.

“दुप्पट काम?” अमृतराव फोनवर हादरले. “म्हणजे जावईबापू, तुम्हाला आता काम करावं लागायलंय! आधी लई इज्जतीत होतात हो!”

रविवारी स्थळपाहणी ठरली. अमृतराव वही घेऊन आले, मामा पंच म्हणून आले. मृण्मयीही आली, ती तक्रारदार की मुद्देमाल, हे अजून ठरायचं होतं. अमृतरावांनी लॅपटॉपची लांबी-रुंदी लिहून घेतली, शेजारच्या दुकानदाराला मिहिरच्या सवयी विचारल्या.

शेवटी मिहिरने भोकरच्या एका लग्नाची फिल्म लावली. पाठवणीच्या वेळी नवरीचा बाप मांडवाच्या खांबाआड तोंड लपवतो, तिथं अमृतरावांचा चष्मा भिजला.

“वा! जीव ओतलाय. कशावर केली?”

“विंडोजवर.”

अमृतरावांनी डोळे पुसले आणि वहीत नुकतीच केलेली रडल्याची नोंद खोडली. “आधीचं रडणं रद्द समजावं.”

मामांनी मध्यस्थी केली. तीच फिल्म मॅकवर लावली. अमृतराव पुन्हा रडले, या खेपेला मामाही रडले, आणि तशी नोंद झाली.

“अप्पा, फिल्म तीच हाय की!” मृण्मयी वैतागली.

“असंल, पोरी. पण रडायला काही आधार लागतो.”

मग पंचांनी तोडगा काढला. मॅक दारासमोरच्या टेबलावर, सफरचंद रस्त्याकडे करून, बंद अवस्थेत कायम ठेवावा व रोज पुसावा. विंडोजने पडद्याआड काम करावे व गिऱ्हाईक आल्यास आवाज करू नये. मिहिरला लाज वाटली, चीडही आली. पण समोर मृण्मयी उभी होती. त्याने सही केली.

निघताना ती हळूच म्हणाली, “आपल्या लग्नाची फिल्म कशावर करणार?”

“काळ्यावर,” मिहिर जरा घुश्शातच म्हणाला.

“त्यावरच करा. लई छान होतीय. फक्त माझ्या मैत्रिणींना सांगू नका.”

हसू येतंय ना? येऊ द्या. पण हसून झालं की तुमच्या बैठकीतलं काचेचं कपाट उघडा, त्यातला सोनेरी काठाचा कप काढा, आणि घरात कुणी पाहुणा नसताना त्यात स्वतःसाठी एकदा चहा ओतून दाखवा.