ओव्हाळसाहेब आणि गिअरची शिकवणी

ओव्हाळसाहेबांनी मला दोनदा नापास केलं आहे. पहिल्या वेळी मी वळताना आरशात पाहिलं नाही म्हणून, आणि दुसऱ्या वेळी "पाहिल्यासारखं केलंत" म्हणून.

साहेब तेव्हा आरटीओत लायसन्सच्या टेस्ट घ्यायचे. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत ते माझ्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या पत्नी सुमनताई आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. दर दिवाळीला माझ्याकडचा चिवडा वर जायचा, बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर खाली यायची. यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. सही न केलेला फॉर्म माझ्या हातात ठेवून साहेब म्हणाले, "पुन्हा या." दुसऱ्या वेळीही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. सुमनताईंच्या गाडीत डावीकडे बसून शाळेत जायला लागले, ती अकरा वर्षं तिथेच बसले.

साहेब निवृत्त झाले, पण परीक्षा काही थांबली नाही. रिक्षातून उतरताना ते रिक्षावाल्याला निकाल सांगतात. लिफ्ट दुरुस्त करणारा, रक्त तपासायला आलेली मुलगी, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांनी कधी ना कधी "पुन्हा या" ऐकलेलं आहे. सुमनताईंचं लायसन्स दुसऱ्या साहेबांच्या सहीचं होतं. ही गोष्ट साहेबांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतली. रोज साडेपाचला आमची गाडी गेटमधून आत आली की हे गॅलरीत हात मागे बांधून उभे. गाडी भिंतीपाशी लागली, की वरून फक्त एकच वाक्य यायचं, "चाक तिरकं राहिलंय." सुमनताई निमूटपणे चाक सरळ करायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या.

मग सुमनताईंचा डावा गुडघा कुरकुरायला लागला आणि त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. साहेबांच्या मते क्लचशिवाय गाडी चालवणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहिणं. महिनाभर ते त्या गाडीत बसले नाहीत. पुढेही फारसे बसले नाहीत.

गेल्या वर्षी सुमनताई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. मला अजून साडेपाचला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्यानंतर साहेब ती गाडी फक्त रविवारी सकाळी काढायचे. मार्केट यार्डात जायचं, भाजी आणायची, गाडी पुसून कव्हर घालायचं. बाकी आठवडाभर बसने फिरायचे. पाऊस असो, ताप असो, बसच. सोसायटीने ठरवून टाकलं की म्हातारा पेट्रोल वाचवतोय. मीसुद्धा त्याला मान डोलावली होती.

एका रविवारी स्वारगेटच्या चौकात गाडीने संप पुकारला. गिअरचा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्यातून हलेना. त्यानंतर काही रविवारी ती शहाण्यासारखी चालायची, एरवी गेटमधूनच तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत निघायची. दोन महिने हा प्रकार चालला. शेवटी मी बोलले, तेव्हा ते गुलटेकडीच्या एका गॅरेजमध्ये गाडी न्यायला कबूल झाले. तपासणीला साक्षीदार लागतो म्हणून मलाही नेलं.

मेकॅनिक सज्जन माणूस होता. गाडीला लॅपटॉप जोडून त्याने निदान केलं. कोणता गिअर कधी टाकायचा हे ठरवणारा एक डबा असतो, टीसीएम म्हणतात, त्यात पाणी शिरलं होतं. दुरुस्ती नाही, बदलायचाच. असंच चालवत राहिलात तर आख्खा गिअरबॉक्स जळेल आणि मग गाडी भंगारात, असंही त्याने सांगितलं. नवा डबा पहिल्यांदा थोडे झटके देईल, कारण तो चालवणाऱ्याची सवय बघून शिकतो. पाय किती दाबता, कधी उचलता, सगळं तो लक्षात ठेवतो. पंधरा दिवस रोज चालवा, मग लोण्यासारखी चालेल.

साहेब बराच वेळ त्या उघड्या बॉनेटकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "जुन्यात जे शिकलेलं आहे, ते नव्यात घालता येईल?"

"नाही साहेब. नवा कोराच असतो."

"मग राहू द्या," असं म्हणून साहेबांनी बॉनेट लावून टाकलं.

परतीच्या वाटेवर गाडी तिसऱ्यात रखडत होती, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि माझा संयम संपला होता. एवढा कसला चिकटपणा, सुमनताईंच्या गाडीचं भंगार करणार आहात का, असं मी सरळ विचारलं. साहेबांनी सिग्नलला गाडी थांबवली. रस्त्यावरची नजर न काढता बोलले.

"तिचा पाय हलका होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला ती वेळ घ्यायची. ती गेल्यावर पहिल्यांदा गाडी काढली, तर गाडीने तसाच वेळ घेतला. हुबेहूब. म्हणून मी रविवारचीच काढतो. जास्त चालवली तर माझी सवय लागेल हिला."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आठवडाभर बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या या माणसाला आम्ही सगळे कंजूस म्हणून मोकळे झालो होतो, आणि त्यात मीही होते. लाज वाटली.

थोड्या वेळाने मी म्हटलं, मग नव्या डब्याला शिकवा की त्यांच्यासारखं.

"कोण शिकवणार? मी तिच्या शेजारी फारसा बसलोच नाही. वरून बघत होतो."

"मी बसलेय. अकरा वर्षं."

पुढच्या आठवड्यात डबा बदलला. मग पंधरा दिवस रोज पाच वाजता आम्ही शाळेच्या फाटकापासून निघायचो. साहेब चालवायचे, मी डावीकडे. इथे त्या पाय उचलायच्या, इथे रिक्षाला पुढे जाऊ द्यायच्या, या चढावर घाई करायच्या नाहीत, असं मी सांगायचे. आयुष्यभर लोकांना नापास केलेला माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ऐकत होता. मी त्यांना पहिल्या आठवड्यात दोनदा "पुन्हा या" म्हटलं, आणि मला ते म्हणताना फार बरं वाटलं हे लपवत नाही.

शेवटच्या दिवशी गाडी खरंच सुमनताईंसारखी चालली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तसाच एक श्वास थांबली. सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर मात्र साहेबांनी गाडी तशीच पुढे काढली. आजवर मीही इथे गप्प बसले होते, कारण ही गोष्ट गिअरची नव्हती. त्या दिवशी राहवलं नाही.

"साहेब, इथे त्या थांबायच्या. मिनिटभर. रोज."

त्यांनी ब्रेक दाबला. "का? हे वळण तर सोपं आहे."

"आरशात बघून केस नीट करायच्या. म्हणायच्या, वर उभे असतील."

इंजिन चालू होतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आमच्याकडे बघत होता. "मला वाटायचं, ती माझ्या शेऱ्याला कंटाळते," ते खूप हळू म्हणाले. मग त्यांनी आरसा स्वतःकडे वळवला, शर्टाची कॉलर नीट केली, आणि मिनिट पुरं झाल्यावर गाडी गेटमधून आत घेतली.

भिंतीपाशी गाडी लावून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर पाहिलं. गॅलरीत कोणी नव्हतं. ते बघतच राहिले.

"साहेब," मी म्हटलं, "चाक तिरकं राहिलंय."

त्यांनी ते सरळ केलं.