दोन एकजुटी आणि एक शिकाऊ गाडी

लोरेन ओल्डरॉइडने दोन माणसांना एकाच शनिवारी, एकाच वेळी, एकाच कामासाठी होकार दिला होता, आणि हे तिच्या लक्षात आलं ते शुक्रवारी संध्याकाळी बटाटे सोलताना.

"अरे देवा," ती म्हणाली.

"बोट कापलं का?" नवऱ्याने, केनेथने, पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"बोटावर निभावलं असतं तर बरं झालं असतं."

लोरेन हॅदरशॉमध्ये गाडी चालवायला शिकवायची. निम्म्या गावाने क्लच सोडावा कसा हे तिच्याकडून शिकून घेतलं होतं. तरुणपणापासून ती मजूर पक्षाची. दारोदार पत्रकं वाटली, तीन निवडणुकांत कुत्री चावून घेतली, सभांना सँडविचं पुरवली. गेल्या वर्षी तिने पक्ष सोडला. पक्ष बदलला की आपण, हे तिला नीट सांगता येत नव्हतं; पण बैठकीहून परतताना आपण दुसऱ्याच कुणाच्या लग्नात जेवून आलो असं वाटायला लागलं, तेव्हा तिने राजीनामा दिला. आणि मग तिला करमेना.

"मला एक राजकीय घर हवंय, केन."

"घर आहे की आपलं. त्याचं गटार तुंबलंय, आधी ते बघ."

तेवढ्यात गावात 'एकजूट' निघाली. जिथे जिथे म्हणून डावा माणूस एकटा पडला होता, त्या सगळ्यांना एका छपराखाली आणायचं असा तिचा उद्देश. पहिल्या बैठकीला लोरेन गेली आणि परत आली ती उड्या मारतच. सत्तर माणसं, आणि सगळी बोलायला उतावीळ! दुसऱ्या बैठकीत, आपल्याला पक्ष म्हणायचं की चळवळ, यावर वाद झाला आणि एकजूट फुटली. चळवळवाले डेस्मंड प्रॅट यांच्याकडे राहिले. हे निवृत्त भूगोल शिक्षक, दाढीवाले. पक्षवाल्या मोराग गिलक्रिस्ट या ग्लासगोहून आलेल्या परिचारिका. त्यांनी 'मूळ एकजूट' काढली. दोघांचं एका गोष्टीवर मात्र मत एकच होतं: गावातला पोहण्याचा तलाव नगरपालिका बंद करायला निघाली होती, तो वाचवायचा. म्हणून दोघांनीही मोर्चा काढला. एकाच शनिवारी, सकाळी अकराला. कारण तारीख मागे घेणं म्हणजे माघार.

डेस्मंडनी फोन करून विचारलं, "पुढे बॅनरची काठी धरशील?" लोरेन म्हणाली, "धरेन की." मोरागनी विचारलं तेव्हाही तिच्या तोंडून तेच निघालं. तिला नाही म्हणता येत नसे. गाडी शिकवताना एवढ्या माणसांना 'नाही, नाही, नाही' म्हणावं लागे की घरी येईपर्यंत तो शब्द संपून जाई.

आणि बटाट्याच्या सालींसोबत आणखी एक गोष्ट तिच्या हाती लागली. शनिवारी अकराला शहनाज मिर्झा यांचा तास होता. मंगळवारी त्यांची परीक्षा.

रात्रभर विचार करून तिने मार्ग काढला. तास घ्यायचा. गाडीतून दोन्ही मोर्चांना लांबून हात करायचा. कामात अडकले म्हणायचं, आणि कुठला मोर्चा आपलासा वाटतो तेही बघून ठेवायचं.

शहनाजबाई कपडे शिवायच्या. नवरा गेल्यावर पन्नाशी ओलांडून त्यांनी गाडी शिकायला घेतली होती, आणि चार वेळा नापास झाल्या होत्या. त्यांच्या मते परीक्षक चार वेळा नापास झाले होते.

"मॅडम, आज परीक्षेच्याच रस्त्याने न्यायची. पाठ झालाय मला. दुसरीकडे वळा म्हणालात तर मी वळणार नाही."

"बरं. पण स्टेशनापाशी जरा हळू."

स्टेशनापाशी एकजूट जमली होती. लोरेन सीटमध्ये खाली सरकली. पण टपावर हातभर उंचीची पाटी होती आणि पाटीवर तिचं नाव. डेस्मंडनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कॉम्रेड्स, लोरेनने गाडीच आणली! मोर्चाच्या पुढे गाडी!"

ती काच खाली करून खुलासा करणार तोवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तेवढ्या वेळात डेस्मंडनी बॅनरची दोरी टपावरच्या पाटीला बांधली आणि बॅनर मागच्या काचेवर सोडला.

"मॅडम, मागचं दिसत नाही," शहनाजबाई म्हणाल्या.

"मागे माणसं आहेत. एकदम थांबू नका. पहिल्या गिअरमध्ये सरळ जात राहा."

"हे परीक्षेत असतं?"

"नसतं. पण आलं तर उपयोगी पडेल."

गाडी चालू लागली. मागून घोषणा सुरू झाली: "तलाव कुणाचा?" "आमचा!" लोरेनच्या अंगावर शहारा आला. मोर्चा नगरपालिकेकडे जायचा होता, म्हणजे चर्चपाशी उजवीकडे. शहनाजबाईंनी आरसा पाहिला, दिवा दाखवला आणि आखल्यासारख्या डावीकडे वळल्या.

"शहनाजबाई, उजवीकडे."

"परीक्षेचा रस्ता डावीकडे आहे."

मागे डेस्मंड क्षणभर गोंधळले, मग कुणाला तरी सांगताना ऐकू आले, "डावपेच आहे हा. पोलिसांना चकवा." आणि सगळा मोर्चा डावीकडे वळला. पुढेही डावीकडे. पुढेही. बाजाराला आलेली माणसं, काय चाललंय ते बघू म्हणून, पिशव्यांसकट मागे लागली.

तसं करत गाडी मोठ्या चौकात आली. मधे गोल बाग, तिच्याभोवती सगळी वाहतूक फिरते. शहनाजबाई आत शिरल्या अगदी नियमाने. बाहेर पडायला मात्र डावीकडे सरकणं भाग होतं, आणि डावीकडे माणसं चालत होती.

"बाजूला माणूस असेल तर सरकायचं नाही, तुम्हीच शिकवलंत," असं म्हणून त्या फिरत राहिल्या. एक फेरी झाली. दुसरी झाली. बागेच्या मागून आपल्याच मोर्चाचं शेपूट पुढे दिसायला लागलं.

त्याच वेळी पार्कच्या बाजूने मूळ एकजूट आली. सगळ्यात पुढे मोराग, हातात काठी. दुसरी काठी रिकामीच होती, कारण ती लोरेनची. मोरागनी गाडीवरचं नाव वाचलं. "आली ग बाई," त्या ओरडल्या. "आणि बघा, त्यांची सगळी माणसं फोडून घेऊन आली!" मूळ एकजूट चौकात शिरली.

आता कोण कुणाच्या मागे चाललंय ते सांगता येईना. चळवळवाल्यांच्या घोषणेला पक्षवाले उत्तर देऊ लागले, कारण घोषणा दोघांची सारखीच होती. एका आजोबांनी पंधरवड्यापूर्वी ज्याच्याशी बोलणं तोडलं होतं त्याच मित्राचा हात धरला, कारण चक्कर येत होती. चारी बाजूंना गाड्या तुंबल्या, आणि बसमधली माणसं उतरून चालू लागली. लोरेनला हसू आवरेना आणि रडूही. एवढी माणसं तिने मजूर पक्षाच्या विजयाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

मग पोलीस आला. तरुण, घामाघूम. त्याने हात वर करून गाडी थांबवली.

"या चौकात शिरायची परवानगी कुणाची आहे? इथे प्रमुख कोण?"

डेस्मंड बुटांकडे बघू लागले. मोराग आभाळाकडे. मग दोघांनी एकाच क्षणी बोट दाखवलं लोरेनकडे. एकजूट फुटल्यापासून दोन्ही गटांचा हा पहिला एकमुखी निर्णय.

लोरेन तोंड उघडणार एवढ्यात शहनाजबाईंनी काच खाली केली.

"भाऊ, प्रमुख असेल ते असो. गाडी मी चालवतेय. तुम्ही ती डावीकडची माणसं जरा थांबवा, म्हणजे मला बाहेर पडता येईल. माझी मंगळवारी परीक्षा आहे."

पोलिसाला आयुष्यात इतकी सुटसुटीत विनंती कुणी केली नसावी. त्याने माणसं थांबवली. शहनाजबाई दिवा देऊन बाहेर पडल्या, आणि ज्या रस्त्याला लागल्या तो थेट तलावाकडे जाणारा होता. तिथल्या आवारात त्यांनी गाडी उलटी घेऊन दोन गाड्यांमध्ये अशी लावली की लोरेनच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून सहाशे माणसं. तलावात पोहणारी बायकापोरं टॉवेल गुंडाळून बाहेर आली. ओल्या केसांच्या एका आजीबाईने पायऱ्यांवर उभं राहून नगरपालिकेला जे ऐकवलं, ते वर्तमानपत्राला छापता आलं नाही.

सोमवारी तलाव बंद करण्याचा ठराव नगरपालिकेने पुढे ढकलला. मंगळवारी शहनाजबाई पास झाल्या. आणि पुढच्या शनिवारी तलावाच्या कॅन्टीनमध्ये दोन्ही एकजुटींची एकत्र बैठक भरली. चिप्सच्या वासात, दाटीवाटीने. लोरेन नवा ब्लाउज घालून आली होती.

डेस्मंड उठले. "ज्यांच्यामुळे आपण पुन्हा एक झालो, त्या आपल्या पुढाऱ्यांनी बोलावं असं मी सुचवतो."

लोरेनने खुर्ची मागे सरकवली.

"शहनाजबाई," डेस्मंड म्हणाले.

लोरेनने खुर्ची परत पुढे ओढली. शहनाजबाई उभ्या राहिल्या. गुरुवारची बायकांची वेळ वाढवून मिळावी, कपडे बदलायच्या खोलीतली कडी दुरुस्त व्हावी, आणि नगरपालिकेच्या प्रत्येक बैठकीला दहा जणांनी जाऊन समोर बसावं, एवढंच त्या बोलल्या. साडेतीन मिनिटांत काम संपलं. सगळं कॅन्टीन भारावून गेलं.

"एक विचारू का?" मोराग म्हणाल्या. "तुम्ही चळवळवाल्या की पक्षवाल्या?"

"मी? मी हुजूर पक्षाला मत देते. आमच्या यांचं दुकान होतं ना. पहिल्यापासून तिकडेच."

डेस्मंडनी दाढी खाजवली.

"पण मग," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही आमच्यात आलात कशा?"

"मी कुठे आले?" शहनाजबाईंनी पर्स उचलली. "तुम्ही सगळे माझ्या मागे आलात."

लोरेनने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा तिला काय म्हणायचंय ते आधीच ठाऊक होतं.

"अध्यक्षपदासाठी मी शहनाजबाईंचं नाव सुचवते."

"अनुमोदन," डेस्मंड म्हणाले.

"अनुमोदन," मोराग म्हणाल्या, "आणि हे मी आधी म्हटलं."

त्यावर वाद पेटला. दोन्ही बाजूंनी साक्षीदार उभे राहिले. लोरेनने शेजारच्या बाईच्या बशीतली चिप्स न विचारता उचलली, पाय लांब केले आणि आरामात खुर्चीला टेकली.