चौबळ काकूंचे साडेसहा टक्के

चौबळ काकू दुसऱ्याने सांगितलेला आकडा कधीच मान्य करत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की म्हणतात, "आता दुसऱ्या हाताचा घ्या." सोसायटीची टाकी अर्धी भरलीय असं वॉचमन म्हणाला, तर काकू टेप घेऊन गच्चीवर. खांदा कॉलनीत तीस वर्षं त्यांनी ब्लाउज शिवले. "माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी काका गेले. वर्षश्राद्धाची जेवणं उरकल्यावर काकूंचे दीर काकांचा लॅपटॉप उघडून बसले. आपल्या म्युच्युअल फंडांच्या नोंदी काका त्यातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवत. रिपोर्ट बघून दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "दहा वर्षांत साडेसहा टक्के? दादाला यातलं काही कळतच नव्हतं!"

काकू मठ्ठा वाढत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन शेजारी माझ्या दारात.

"तू ऑफिसात कॉम्प्युटरवरच असतोस ना? मला हा रिपोर्ट शिकव."

आता मी न्हावाशेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघणारा माणूस. मला कुठलं कळायला? तरी म्हटलं, "वर एकूण नफा चाळीस टक्के लिहिलाय, खाली वार्षिक परतावा साडेसहा. सोडा ना काकू."

"सोडा काय? एकाच अंगाची दोन मापं?"

मग रोज संध्याकाळी सहाला वर्ग भरायला लागला. काकूंनी ऑर्डरच्या जुन्या वहीत काकांनी फंडात भरलेला एकेक हप्ता तारखेसकट उतरवला. पंधरा दिवसांनी त्यांनीच मला समजावलं. "अरे, दहा वर्षांपूर्वीचा हप्ता दहा वर्षं राबला, गेल्या वर्षीचा एकच वर्ष. प्रत्येकाचं वय धरून वर्षाला किती, ते खाली लिहितात. दोन्ही आकडे बरोबर आहेत."

"म्हणजे झालं की!"

"कुठे झालं? हा खड्डा बघ."

चार वर्षांपूर्वी आलेख एकदम खाली आला होता. बाजारातले बाकीचे फंड त्या महिन्यात ठणठणीत. फक्त काकांचाच पडला? काकूंनी दीड महिना कपाटं उपसली आणि जुनं पासबुक शोधून आणलं. त्याच आठवड्यात फंडातून दोन लाख काकांच्या खात्यात आले होते आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेले होते. काकांनी सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक तेवढी कमी केली होती, पैसे काढल्याचं लिहिलंच नव्हतं. बिचाऱ्या सॉफ्टवेअरला वाटलं, बुडाले.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन," काकू म्हणाल्या. "ऑफिसच्या विम्यातून झालं, म्हणाले होते. मी विचारलंही नाही."

मी नोंद भरली. साडेसहाचे अकरा झाले. काकूंनी आकडा दोनदा वाचला.

"दिरांना पाठवू?"

"आत्ताच्या आत्ता पाठव. नुसता आकडा. गुडघा नको."

पाठवलं आणि मी लॅपटॉप मिटायला गेलो. काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे उघडा. दोन महिने रोज ह्यांच्याशी भांडत होते रे. इथे काय लिहिलंत, तिथे का नाही लिहिलंत. आता उद्यापासून संध्याकाळी काय करू?"