संत निकोला गैरहजर

वार्ना बंदरातल्या एका इमारतीत, देस्पिनाबाईंच्या घरी, एक बेकायदेशीर दिवा जळतो आहे ही गोष्ट अखेर शासनाच्या ध्यानात आली. दिवा तेलाचा होता. लाल काचेच्या वाटीत, संत निकोलाच्या तसबिरीपुढे. बाईंचा मुलगा यासेन जहाजावर होता, आणि खलाशी घरी परतेपर्यंत दर्यावर्द्यांच्या त्या संतापुढचा दिवा विझू द्यायचा नसतो. यासेनचा बाप बुडाला त्या हिवाळ्यात दिवा विझला होता. तेव्हापासून बाईंना धड झोप नव्हती.

गृहप्रकाश कार्यक्षमता निरीक्षक ग्रोझ्दानोव बूट काढून आत आले आणि त्यांनी दिव्यावर यंत्र रोखले.

"उजेड नगण्य, ऊर्जेची उधळपट्टी भरपूर. त्यातून खोली रिकामी!"

"रिकामी कशी? निकोलाबाबा बसलेत की समोर."

निरीक्षक विचारात पडले. खोलीत व्यक्ती असल्यास दिव्याला सूट होती, आणि व्यक्ती पवित्र नसावी असे नियमात कुठेच म्हटले नव्हते. त्यांनी संतांची रहिवासी म्हणून रीतसर नोंद केली. लगेच इमारतीच्या व्यवस्थापिकेने बाईंच्या लिफ्टच्या माणशी वर्गणीत एक माणूस वाढवला. बाईंनी तेही पैसे भरले.

मग रहिवाशाची उपस्थिती तपासण्यासाठी निरीक्षकांच्या कार्यालयाने भिंतीवर हालचाल टिपणारे यंत्र बसवले. खोलीत काही हलले नाही की दिव्यावर आपोआप झाकण पडे. संत हलेनात, झाकण पडले. बाईंनी धावत जाऊन ते उचलले, वात पेटवली. पुन्हा पडले. त्यांनी ग्रोझ्दानोवांना बोलावून घेतले.

"संत गैरहजर आहेत, आजी."

"डोळे फुटले का तुमचे? हे काय समोर!"

"दिसणं म्हणजे हजेरी नव्हे. हलणं म्हणजे हजेरी. आमच्या कार्यालयातही हेच यंत्र आहे. थोड्या थोड्या वेळानं आम्ही सगळे हात वर करून हलवतो, नाहीतर अंधार होतो."

"आणि काम कधी करता?"

"काम करताना माणूस हलत नाही ना. म्हणून तेच बंद केलं."

"मग माझं पोर तिकडे बोटीवर दमून निपचित झोपलं असेल, तर ते नाहीच म्हणायचं?"

"नियमाप्रमाणे नाही," ग्रोझ्दानोव हळूच म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले आणि त्यांना विलक्षण संतापही आला. त्या तसबिरीपुढे खुर्ची ओढून बसल्या आणि हात हलवू लागल्या. हात भरून आला की दुसरा. यासेन येईपर्यंत त्या उठणार नव्हत्या.

वाचकहो, संतांच्या बाबतीत एखादे वेळी अपील करता येईल. तुमचे काय? मघापासून तुम्ही हे वाचत बसला आहात आणि जागचे हललेला नाहीत. तुमच्या वाटेकडे डोळे लावून कुणी दिवा तेवत ठेवला असेल, तर त्यावर आत्ताच झाकण पडले.